डोंगर कुठे सुटेल, चिखल कुठवर येईल

वाचक विचारतात : दरडींचे नकाशे

यंदा आलेले बहुतेक प्रश्न सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या गावांमधून आले आहेत. त्यामुळे उत्तरांतली उदाहरणे मुख्यतः सावित्रीच्या खोऱ्यातली घेतली आहेत. ही नदी महाबळेश्वरला सुमारे १३०० मीटर उंचीवर उगम पावते आणि थोड्याच अंतरात पोलादपूर-महाडच्या सखल भागात उतरते. एवढ्या उतारावर पाऊस, मुरूम आणि माणसांची वस्ती एकाच खोऱ्यात कशी गुंतली आहे, ते तिथे नीट पाहता येते.

आमची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नाही. सरकारी नकाशातही आमच्या भागाचा रंग मध्यम धोक्याचा आहे. मग काळजीचे कारण नाही, असे समजावे का?
— ग्रामपंचायत सदस्य, पोलादपूर तालुका

असे समजू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गेली. तीही यादीत नव्हती. यादी बहुधा आधी घडलेल्या घटनांवरून बनते. जिथे गेल्या ५० वर्षांत काही झाले नाही, ते गाव तिच्यात सहसा येत नाही.

नकाशाची अडचण वेगळी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४-१५ पासून देशभरातल्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे १ : ५०,००० या प्रमाणात केले. ते मोलाचे काम आहे आणि ते संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. पण या प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. तुमची ३०-४० घरांची वाडी त्या नकाशात दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका असते. तालुक्यात आधी कुठे पाहायचे हे त्यावरून ठरवावे, कुणाचे घर सुरक्षित आहे हे ठरवू नये. घराचा निर्णय घ्यायचा असेल तर १ : ५,००० किंवा त्याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा आणि डोंगरावरची प्रत्यक्ष फेरी, दोन्ही लागतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्रवणतेचा नकाशा डोंगर कुठे सुटेल ते सांगतो. सुटलेली माती, दगड आणि पाणी कुठवर येईल ते तो सांगत नाही. ३० जुलै २०२४ ला केरळमधल्या वायनाडमध्ये डोंगर सुटला पुंजिरीमट्टमच्या वरच्या बाजूला. ढिगारा ओढ्याच्या पात्रातून कित्येक किलोमीटर खाली आला आणि मुंडक्कै, चूरलमला ही गावे उद्ध्वस्त झाली. म्हणून नकाशा गावाच्या शिवेपुरता काढू नका. वाडीतल्या ओहोळाचे पाणी जिथून येते त्या माथ्यापासून तो ओहोळ नदीला मिळतो तिथपर्यंतचा सगळा पाणलोट नकाशात हवा. महसुली हद्द दरडीला कळत नाही.

एक ढोबळ तपासणी स्वतः करून पाहा. शाळेतल्या कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधा आणि दोऱ्याच्या टोकाला नट लावा. घरापाशी उभे राहून कोनमापकाच्या सरळ कडेवरून डोंगराच्या त्या जागेकडे नेम धरा जिथून मुरूम सुटू शकतो. दोरा ९० अंशांपासून जितका सरकेल तितका तुमचा कोन. तो २० अंशांहून जास्त आला तर घर ढिगाऱ्याच्या पल्ल्यात आहे असेच धरून चाला. समजा सुटण्याची जागा घरापेक्षा २०० मीटर उंच आहे आणि नकाशावर ५०० मीटर दूर आहे. कोन सुमारे २२ अंश येतो, म्हणजे घर पल्ल्यात आहे. घर ओहोळाच्या तोंडाशी असेल तर २० अंशांवरही विसंबू नका. पाण्याने पातळ झालेला चिखल घळीतून १५ अंशांपेक्षा कमी कोनानेही पुढे जातो.

भूगोलाच्या प्रकल्पासाठी एका उपनदीच्या पाणलोटाचा दरडप्रवणता नकाशा करायचा आहे. कुठून सुरुवात करू? कोणत्या घटकाला किती गुण द्यायचे?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, सातारा

गुणांपासून सुरुवात करू नका. पहिले काम जुन्या दरडींची नोंद. ती कच्ची राहिली तर पुढची सगळी आकडेमोड निव्वळ दिखाऊ ठरते.

पाणलोटाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून आखा. १८ अंश अक्षांशाची रेषा महाड आणि पोलादपूर यांच्या मधून जाते. नकाशाची पत्रके त्या रेषेवर बदलतात, त्यामुळे सावित्रीच्या या भागात दोन पत्रके जोडावी लागतात. उंचीची अंकीय माहिती ३० मीटर जाळीत मोफत मिळते. भारताची कार्टोसॅट उपग्रहावरून केलेली माहिती इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर आहे, शिवाय अमेरिकेची एसआरटीएम आणि युरोपची कोपर्निकस आहे. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. प्रवाह काढण्याआधी माहितीतले खोटे खड्डे भरून घ्या, नाहीतर ओढे मध्येच संपतात.

आता दरडी. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची १० मीटर तपशिलाची छायाचित्रे २०१५ पासून मिळतात. गूगल अर्थमध्ये काळाची पट्टी मागे सरकवली की त्याआधीचीही बरीच दिसतात. पावसाळा संपताच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले छायाचित्र घ्या आणि ते त्याच वर्षीच्या एप्रिल-मेमधल्या छायाचित्राशी ताडून पाहा. उशीर केलात तर कोकण उतारावरचे गवत दोन पावसाळ्यांत खरवड झाकून टाकते. चुका ठरलेल्या असतात. वणव्याने जळलेला पट्टा, दगडखाण, नवी नांगरट या तिन्ही गोष्टी वरून दरडीसारख्याच दिसतात. फरक आकारात असतो. दरडीला वर गोलसर माथा असतो आणि खाली पसरत जाणारे शेपूट असते. हिवाळ्यातल्या छायाचित्रात उत्तरेकडचे उतार सावलीत जातात आणि तिथल्या दरडी निसटतात, हेही ध्यानात ठेवा.

विद्यार्थ्यांकडून हमखास होणारी मोठी चूक अशी, की दरडीचा ठिपका ढिगाऱ्यावर ठेवला जातो, कारण ढिगाराच ठळक दिसतो. ढिगारा पायथ्याच्या १० अंशांच्या भातखाचरात असतो आणि डोंगर सुटलेला असतो वर, ३२ अंशांवर. मग गणित सांगू लागते की सपाट भातशेतीला दरडीचा सर्वांत जास्त धोका आहे. म्हणून प्रत्येक दरडीचे सुटण्याची जागा, वाहण्याची वाट आणि साचण्याची जागा असे तीन भाग वेगवेगळे आखा. प्रवणतेच्या गणितात फक्त पहिला भाग घ्या.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १४४९६ (भाग २), १९९८ मध्ये गुणांची एक पद्धत दिलेली आहे. डोंगराचे सारख्या कोनाचे आणि सारख्या दिशेचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाला एकूण १० पैकी गुण द्यायचे : खडकाचा प्रकार २, खडकाची संरचना २, उताराचा कोन २, जमिनीचा वापर २, उंचीतला फरक १, भूजल १. बेरीज ६ च्या वर गेली की जास्त धोका, ७.५ च्या वर अति जास्त. पद्धत शिस्तीची आहे, पण सह्याद्रीत ती जशीच्या तशी वापरू नका. 'संरचना' हा घटक हिमालयासारख्या तिरप्या, दुमडलेल्या थरांना समोर ठेवून बांधलेला आहे. आपल्याकडे बसाल्टचे थर जवळजवळ आडवे, म्हणून त्या रकान्यात गुण कमी पडतात आणि एकूण बेरीज फसवते. आपल्या डोंगरात अखंड थर क्वचितच घसरतो. सुटते ती त्यावर साचलेली माती, मुरूम आणि गोटे. म्हणून मुरमाची जाडी हा वेगळा घटक धरा. ती रस्त्याच्या कापात, विहिरीच्या कडेला, ओहोळाच्या काठात टेपने मोजता येते.

दुसरी वाट म्हणजे वारंवारता गुणोत्तर. पद्धत समजण्यापुरते आकडे घेऊ. पाणलोट ६० चौरस किलोमीटरचा, दरडी ५०. त्यातला २५ ते ३५ अंश उताराचा पट्टा १२ चौरस किलोमीटर, म्हणजे २० टक्के, आणि त्यात सुटलेल्या दरडी २४, म्हणजे ४८ टक्के. ४८ भागिले २० बरोबर २.४. एकाच्या वर गेलेला आकडा म्हणजे त्या पट्ट्यात वाट्यापेक्षा जास्त दरडी. आता ४५ अंशांच्या वरचा पट्टा ६ चौरस किलोमीटर, १० टक्के, आणि दरडी २, म्हणजे ४ टक्के. गुणोत्तर ०.४. हे पाहून आपले काही चुकले असे वाटते, पण ते बरोबर आहे. उभ्या कड्यावर माती टिकतच नाही, मग घसरणार काय? तिथून दगड सुटतात. त्यांचा नकाशा वेगळा करायचा, या दरडींत मिसळायचा नाही.

आणखी दोन घटक घ्या. पहिला घळीचा माथा. ओहोळ सुरू होण्याच्या वर बशीसारखा खोलगट भाग असतो. चारी बाजूंचे पाणी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माती तिथेच जमते, त्यामुळे मातीच्या दरडी बहुतेक वेळा तिथून सुटतात. दुसरा घटक रस्त्यापासूनचे अंतर. पण ३० मीटरच्या जाळीत ६ मीटर उंच रस्त्याचा काप दिसतच नाही. तो हातानेच नकाशावर भरावा लागतो. एसआरटीएममध्ये दाट झाडीचे शेंडेही काही अंशी उंचीत मोजले जातात, म्हणून रानाच्या कडेला खोटा तीव्र उतार उमटतो. तिथे १ : ५०,००० पत्रकावरच्या समोच्च रेषा मोजून खात्री करा. २० मीटर अंतराच्या पाच रेषांची उंची ओलांडायला नकाशावर ४ मिलिमीटर लागले, तर १०० मीटर चढ २०० मीटरमध्ये, म्हणजे उतार सुमारे २७ अंश. २ मिलिमीटरच लागले तर ४५ अंश.

शेवटी पडताळा. ५० पैकी १५ दरडी आधीच बाजूला काढून ठेवा, गणितात घेऊ नका. नकाशा झाल्यावर त्यांपैकी किती लाल, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात पडतात ते पाहा. बारा पडल्या तर छान, पण लाल पट्ट्याने पाणलोटाचा किती भाग व्यापला तेही त्याच ओळीत लिहा. निम्म्याहून जास्त डोंगर लाल रंगवला तर बारा दरडी त्यात सापडण्यात विशेष काही नाही. अशा नकाशावरून कुणाला कुठे हलवायचे ते ठरत नाही.

एवढे झाले की गावात जा. पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा, कोणता झरा पावसात गढूळ होतो, कोणता नव्याने फुटला. गुरे चारणाऱ्यांना विचारा, पठारावर भेग कुठे आहे. भातखाचरात घराएवढा धोंडा दिसला तर तो वरून कधीतरी आलाच आहे. डोंगराच्या मध्यावर मंद उताराची, खोल मातीची, बारमाही झरा असलेली जागा दिसली की ती जुन्या दरडीचा ढिगारा असू शकते. वाड्या नेमक्या अशाच जागी बसलेल्या असतात, कारण पाणी आणि शेतीजोगी माती तिथेच मिळते.

आमच्या पाणलोट समितीने गावामागच्या डोंगरावर सलग समतल चर खोदायचे ठरवले आहे. काही जण म्हणतात याने दरड येईल. खरे काय?
— पाणलोट समिती सचिव, सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग

ते जण बरोबर सांगत आहेत. खोदाई सुरू व्हायच्या आत विचारलेत हे चांगले झाले. समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत खोदलेला पाणी अडवणारा चर, हे कमी पावसाच्या प्रदेशातले उत्तम काम आहे. तुमच्याच जिल्ह्यात माण-खटावला ते शोभते. महाबळेश्वरच्या अंगाला, गावाच्या डोक्यावर, खोल मुरमाच्या तीव्र उतारावर ते घातक ठरू शकते.

हिशेब करून पाहा. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल असेल तर दर मीटर लांबीत २७० लिटर पाणी मावते. दर १० मीटरवर एक ओळ धरली तर हेक्टरी १००० मीटर चर आणि २७० घनमीटर साठा. हेक्टरभर पसरला तर हा साठा २७ मिलिमीटर पावसाएवढा भरतो. दिवसाला ३०० मिलिमीटर पडणाऱ्या पावसात पूर अडवायला तो काही कामाचा नाही. मात्र प्रत्येक १०० मीटर चरात २७ टन पाणी उभे राहते आणि पावसाळाभर मुरमात जिरत राहते.

जिरलेले पाणी खाली जाते आणि पक्क्या कातळावर किंवा दोन बसाल्ट थरांमधल्या तांबड्या चिकण थरावर अडते. मग ते आडवे सरकते. त्या सांध्यावर पाण्याचा दाब वाढला की मुरमाचे वजन कातळावर नीट टेकत नाही, घर्षण कमी होते आणि वरचा सगळा थर घसरतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर जांभा आहे. तो पाणी पिऊन घेतो आणि त्याच्या खालची पांढरट चिकणमाती ते अडवते. म्हणून पठाराच्या काठावर चर तर मुळीच नकोत.

तुमच्या डोंगराला पाणी बाहेर काढणारा चर हवा, म्हणजे कलता चर. लांबीला १०० मीटरमागे अर्धा ते एक मीटर उतार द्या, तळ आणि कडा दगडाने पिचून घ्या, आणि तो थेट कातळी तळाच्या ओहोळात नेऊन सोडा. मध्येच उतारावर सोडलेला चर हा चर नसल्यापेक्षा वाईट, कारण सगळे पाणी एका जागी ओतले जाते. मृगाच्या आधी पालापाचोळा काढा आणि जुलैत पुन्हा एकदा पाहा. चर तुंबला की कलत्या चराचाही समतल चर होतो.

सोडून दिलेल्या भातखाचरांकडेही लक्ष द्या. कसणारे मुंबईला गेले की बांधाचा सांडवा कुणी उघडत नाही. खाचरात पाणी उभे राहते आणि बांध फुगतो. अशा खाचरांचे सांडवे खालपर्यंत एका रेषेत मोकळे करून द्यावेत. हे काम श्रमदानाने दोन दिवसांत उरकते. उतारावर यंत्राने नवी खाचरे पाडणे मात्र टाळा. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणमध्ये १५० हून अधिक माणसे गेली, तेव्हा गावामागच्या उतारावर झालेल्या सपाटीकरणाची चर्चा झाली होती. कारण एकटे तेच होते असे म्हणता येत नाही. पण उताराचा पाय कापणे आणि सुटी माती कडेला लोटणे ही दोन्ही कामे डोंगराला कमजोर करतात.

झाडे लावली की दरड थांबते का?
— शिक्षक, महाड तालुका

उथळ दरड थांबायला मदत होते, खोल दरड थांबत नाही. मुळे बहुतेक वरच्या दीड-दोन मीटरमध्ये असतात. मुरूम पाच मीटर जाड असेल तर सटकण्याची पातळी मुळांच्या खाली राहते आणि झाडांसकट डोंगर खाली येतो. म्हणून दाट रान पाहून निश्चिंत होऊ नका. पण असलेले रान तोडणे फार महागात पडते. तोडल्या वर्षी काही होत नाही. मुळे कुजायला काही वर्षे लागतात आणि त्यानंतरचे पावसाळे सर्वांत धोक्याचे असतात. लावायचीच तर घळीच्या माथ्याशी आणि ओहोळाच्या काठाने स्थानिक, खोल मुळांची झाडे आणि त्यांच्यामध्ये बांबू लावा.

घरामागचा डोंगर कापून अंगण वाढवले आहे. तीन मीटर उंच काँक्रीटची भिंत बांधली तर पुरेल का?
— वाचक, खेड तालुका

पाणी बाहेर पडायला वाट ठेवली तरच. तीन मीटर भिंतीमागे पाणी काठोकाठ भरले तर नुसत्या पाण्याचा रेटा दर मीटर लांबीला साडेचार टन होतो. मातीचा रेटा त्याच्या वर. अशा बहुतेक भिंती पाण्याच्याच रेट्याने पडतात. भिंतीत दर दीड मीटरवर, उभे-आडवे, ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप बाहेर उतरते ठेवा. भिंतीमागे किमान ३० सेंटिमीटर जाडीचा खडी-वाळूचा थर द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाइपांची तोंडे मातीने बुजतात. भर पावसात त्या पाइपांतून पाणी येत नसेल तर ते मागे साठते आहे असे समजा. भिंतीच्या वर, कापाच्या डोक्याशी, पाणी बाजूला नेणारी पक्की गटार हवी. जागा असेल तर दगडी गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड बरे, त्यातून पाणी आपोआप झिरपते. तीन मीटर ही मोठी उंची आहे, आराखडा अभियंत्याकडूनच करून घ्या. आणि एप्रिलनंतर काप उघडू नका.

किती पाऊस पडला की वाडी रिकामी करायची? नेमका आकडा सांगा.
— आपत्ती व्यवस्थापन स्वयंसेवक, महाड

सगळ्या सह्याद्रीला लागू पडेल असा एक आकडा देणे बेजबाबदारपणाचे ठरेल. केन या संशोधकांनी १९८० साली जगभरच्या नोंदींवरून पावसाची तीव्रता आणि कालावधी यांचे एक सूत्र मांडले. त्यानुसार २४ तासांत सुमारे १०३ मिलिमीटर पाऊस दरडी सुरू व्हायला पुरतो. सावित्रीच्या खोऱ्यात ही मर्यादा दर पावसाळ्यात अनेकदा ओलांडली जाते, आणि रोज कुणी घर सोडत नाही. हवामान खाते २०४.५ मिलिमीटरच्या वरच्या पावसाला अतिवृष्टीचा सर्वांत वरचा वर्ग देते. २०२१ च्या जुलैत, २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. त्याच पावसात २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ८० हून अधिक जीव गेले.

म्हणून वाडीचा स्वतःचा आकडा तयार करा. सरळ भिंतींचे भांडे झाडाझुडपांपासून दूर, मोकळ्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आणि अतिवृष्टीत दर तीन तासांनी पट्टीने मोजा, लिहा, ओता. त्या दिवसाच्या आकड्याशेजारी मागच्या तीन दिवसांची आणि पंधरा दिवसांची बेरीज लिहा. ज्या दिवशी बांध ढासळला, रस्त्यावर माती आली, त्या दिवसापुढे खूण करा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या उताराची मर्यादा दिसू लागते. तोवर तालुक्याचा लाल इशारा आणि त्याआधी सलग तीन दिवसांची झोड, हे दोन्ही जुळले की अंधार पडायच्या आत हला.

पठारावर भेग असेल तर तिच्या दोन्ही अंगांना, भेगेपासून अर्ध्या मीटरवर, लोखंडी खुंट्या ठोका. खुंटीच्या डोक्यावर छिन्नीने खूण करा आणि त्या खुणेपासूनच मोजा, नाहीतर मोजणाऱ्या हातागणिक आकडा बदलतो. भेगेत वरून पाणी शिरू नये म्हणून चिकणमाती दाबून भरा, वरच्या बाजूला छोटी वळणचारी काढा. अंतर आज २, उद्या ५, परवा १२ मिलिमीटर असे वाढत्या वेगाने वाढले, तर पावसाचा आकडा पाहू नका, निघा. पाऊस चालू असताना भेगेपाशी जाऊन मोजायचे नाही.

आणखी काही खुणा दिसल्या तरी मोजमाप न करता निघायचे. चौकटीत दार अचानक अडकू लागणे, विजेचा खांब कलणे, कोरड्या जागी झरा फुटणे, नेहमीचा झरा लाल गढूळ होणे. आणि सर्वांत वाईट खूण म्हणजे पाऊस जोरात असताना ओहोळाचे पाणी एकाएकी उतरणे. वर कुठेतरी ढिगाऱ्याने तो अडला आहे आणि तो बांध फुटणार आहे. अशा वेळी ओहोळाच्या काठाने खाली पळू नका. आडवे, ओहोळापासून दूर, सोंडेच्या अंगाला चढा. ती वाट उन्हाळ्यातच ठरवून झाडांना चुना लावून ठेवा, म्हणजे रात्री बॅटरीच्या उजेडात दिसेल.